झेलणारीची जागा

तुळशीचं लग्न लागलं आणि दुसऱ्याच सकाळी माझा फोन वाजला. मी तेव्हा ओट्यावर वाल सोलत बसले होते. वाल सोलताना फोन यावा म्हणजे पंचाईत. बोटं चिकट झालेली असतात, आणि त्या काचेवर चिकट बोट फिरवलं की भलतंच काहीतरी उघडतं. पदराला हात पुसून उचलला एकदाचा.

“बेबीआत्या का? खारबाववरना बोलतंय, दामोदर. आमचे पोरीची हळद हाय.”

“कंचा दामोदर रे बाबा?”

“बोरीच्या झाडाखालचा. माझे हळदीला तुमीच व्हत्या ना! मी पाटावर बसून रडलो, तं मथुराआत्या मना बोलली, नवरा हायस का नवरी?”

तेव्हा ओळख पटली. रडका नवरा म्हणून आम्ही दोघी त्याची आठवण पुढं कितीतरी लग्नांत काढत होतो. आता त्याच्या लेकीची हळद!

“तं मंग दोगी या हां,” तो म्हणाला. “रव्वारी दोन सुपाऱ्या घेऊन येतंय टेमघरला.”

मी म्हणाले, “उद्या सांगते.”

“उद्या? तुमी कवापासनं उद्या बोलाया लागल्याव?” तो हसला आणि फोन ठेवला. मथुरा गेली हे त्याला ठाऊकच नव्हतं. त्याचं तरी काय चुकलं? धवलारणीची आठवण लोकांना लग्न ठरल्यावरच होते. मधल्या दिवसांत ती कुठं आहे, जिवंत आहे की नाही, कोण विचारतंय?

धवलारीण म्हणजे काय, ते आता शहरातल्या माणसांना सांगावं लागतं. आमच्या आगरी लग्नांत हळदीच्या प्रत्येक कामाला गाणं असतं, त्याला धवला म्हणायचं. मांडवाला धवला, तांदूळ निवडायला धवला, देवांना बोलवायला, नवरीच्या अंगाला हळद लावायला धवला. तो गाणारी बाई ती धवलारीण. पोथी न्हाय, वही न्हाय. जुन्या बायांच्या मागं चटईवर बसून, त्यांच्या तोंडाकडं बघून शिकायचं. मला कुणी शिकवलं असं नाही. अक्षरंसुद्धा मी अशीच उचलली, घरात आलेल्या लग्नपत्रिकांवरून. माझं पहिलं वाचन म्हणजे ‘आमचे येथे श्रीकृपेकरून’. पुष्कळ दिवस मला वाटत होतं, सगळं लिखाण असंच सुरू होत असणार. मग कोणतीही चिठ्ठी हातात आली की मी त्यात ‘चि. सौ. कां.’ शोधायचे!

तर सांगत होते ते सुपारीचं. धवलारणीला नुसत्या फोनवर आमंत्रण होत नाही. घरचं माणूस सुपारी घेऊन दारात यावं लागतं, आणि प्रत्येकीची सुपारी वेगळी. आम्ही जोडीनं गाणाऱ्या, म्हणून दोन. भिवंडीत ‘सुपारी आली’ म्हटलं की लोक दचकून बघतात, तो भाग निराळा. मथुराला त्याची मोठी गंमत. रिक्षावाल्याला मुद्दाम सांगायची, “बिगीबिगी चल रं, काल्हेरची सुपारी घेतलीय आमी दोगींनी.”

माझी खोली भिवंडीला, टेमघरात. भिंतीला भिंत लावून लूमचा कारखाना. दिवसाची शिफ्ट संपते, रातची लागते, पण खटॅक-खटॅक काही थांबत नाही. नवीन माणूस आलं की कान झाकतं. मला मात्र तो आवाज नसेल तर गळाच लागत नाही. वाणीआळीतल्या भजनीबुवांचा तंबोरा असतो, माझा हा लूम. सुताची बारीक रुई हवेत असते, ती भांड्यांवर बसते, केसांवर बसते. मथुरा म्हणायची, “तुझं केस पिकलं न्हाईत गो, रुई बसलीय. झटक.” आणि खरंच झटकायची.

मथुरा माझी झेलणारी. एकीनं ओळ टाकायची आणि दुसरीनं ती झेलायची, असा धवला असतो. मी म्हणायची, “उगवतीचं ऊन आलं पाटावरी.” ती खालच्या आवाजात शेपूट उचलायची, “पाटावरी गो बाय, पाटावरी.” एवढंच. ऐकणाऱ्याला वाटतं, ह्यात काय मोठं? पण ती म्हणते तेवढ्या वेळात माझा श्वास भरतो, आणि पुढची ओळ आठवते. वही नाही ना समोर. पुढची ओळ मागच्या ओळीच्या पोटात असते, आणि तिला बाहेर यायला जरा वेळ लागतो. तो वेळ मथुरा द्यायची. ओळ लवकर आली तर ती आखूड म्हणायची, नाही आली तर ‘बाय’ शब्द असा काही लांबवायची, की मला घरी जाऊन यायलाही वेळ मिळाला असता.

माझा आवाज वरचा आणि थोडा चिरका, तिचा जाड. “बेबे, तुझा आवाज म्हंजी फाटका पत्रा,” ती चारचौघींत सांगायची. “मी खालून ठिगळ लावतंय म्हनून पानी गळत न्हाय.” मी म्हणायची, “तू ठिगळच राहा मग, पत्रा व्हायला जाऊ नको.” ती शेजारी बसून माझ्या मनगटावर हात ठेवायची. मी घाईला लागले की दाबायची. बैलाचा कासरा ओढल्यासारखा. गाण्यात गुंतलेल्या बायांना ते दिसायचं नाही.

असे किती मोसम आम्ही काढले असतील. तुळशीच्या लग्नापासून वैशाखापर्यंत पिशवी कधी रिकामी झाली नाही. एक लुगडं, खडीसाखर, जेष्ठमधाची कांडी, आणि मथुराच्या पिशवीत मिसरीची डबी. आज ह्या गावाला तर परवा खाडीपलीकडच्या. एसटी, टमटम, कधी नवरदेवाच्या मामाचा टेम्पो, कधी दिव्याहून वसईला जाणारी ती निवांत गाडी. अंजूरफाट्याचा रस्ता ओलांडताना दोघी हातात हात धरायचो. आधी बैलगाड्या होत्या तेव्हा आम्ही तरुण होतो, हात धरायची गरज नव्हती. आम्हाला हात धरायची गरज लागली तेव्हा रस्त्यावर कंटेनर आले. हे देवानं उलटं केलं बघा. मथुरा मधोमध उभी राहून त्या एवढ्याल्या गाड्यांना तळहात दाखवायची, “थांब रं, म्हाताऱ्या चालल्यात!” आणि थांबायचेसुद्धा.

भाताला ओंब्या धरायच्या दिवसांत मथुरा गेली. चार दिवसांचा ताप, बस. शेवटी मी तिच्या उशाशी होते, पण गाणंबिणं काही झालं नाही. तिनं फक्त विचारलं, “वाल पेरलं का गो?” म्हटलं, “अजून भात उभं हाय, वाल कसं पेरतील?” “हां,” म्हणाली. झालं.

मग तुळशीचं लग्न आलं आणि नेहमीसारखा फोन आला. तो माझा एकटीचा पहिला मोसम. गेल्या वर्षीचा. आज दामोदरचा फोन आल्यापासून तोच डोक्यात फिरतोय, तोच तुम्हाला सांगावा म्हणते.

पहिली हळद काल्हेरला होती. काल्हेर मी भाताचं बघितलेलं. खळ्यावर पेंढ्याच्या उडव्या, चिखलात बसलेल्या म्हशी. आता तिथं गोडाऊनच्या मागं गोडाऊन, आणि त्यांच्या डोक्यावरून उंच उंच बिल्डिंगी. हळद होती ती अशाच एका बिल्डिंगीच्या गच्चीवजा अंगणात, गाड्यांच्या पार्किंगच्या वर. खाली माती नाही, फरशी. मांडवाची मेढ कुठं रोवणार? रंगाच्या डब्यात वाळू भरून त्यात उंबराची फांदी उभी केली होती. मी म्हटलं, ठीक आहे, देवाला चालतं तर मला का नको. सोसायटीचा नियम असा की रात्री वाजवायचं नाही, म्हणून हळद भर दुपारी ठेवलेली. ऊन नुकतं कलत होतं.

अंजूरफाट्यावर मी पहिल्यांदा एकटी उभी राहिले होते, ते सांगायचं राहिलं. कंटेनर जात होते. मी तळहात दाखवला. कुणी थांबेना. माझ्या तळहातात मथुराचा वट नव्हता. शेवटी शाळेतून येणाऱ्या दोन मास्तरीणबाईंच्या मागं मागं सरकत पलीकडं गेले. त्यांना कळलंही नसेल की आपल्या मागं कुणी आहे.

तर मांडवात दोन खुर्च्या ठेवल्या होत्या. दोन सुपाऱ्यांची सवय असलेलं जुनं घर, कुणीतरी आठवणीनं ठेवल्या असतील. मी एकीवर बसले, दुसरीवर पिशवी ठेवली. जरा वेळानं एक पाहुणे आले. चांगले माणूस, कपाळाला गंध. विचारलं, “आजी, ही खाली हाय का?”

मी म्हटलं, “हाय.”

पिशवी माझ्या मांडीवर ठेवून त्यांनी खुर्ची उचलून नेली. काय बोलणार होते मी? खाली तर होतीच. पण तो ‘हाय’ माझ्या तोंडून गेला खरा. मथुराच्या मयतीला मी रडले नव्हते बघा. त्या खुर्चीपाठी रडू आलं. मग मी खडीसाखर तोंडात टाकली, म्हणजे हनुवटी हलते त्याला कारण मिळतं.

नवरीचं नाव प्रणाली. बँकेत कामाला होती. पाटावर बसली होती, पिवळी साडी, गळ्यात फुलांचे खोटे दागिने. फोटोवाला मला म्हणाला, “आजी, माझ्याकडं बघून गा.” मी म्हटलं, “तुझं लगीन हाय का? मी नवरीकडं बघून गाणार.” सगळ्या बाया हसल्या. मलाही बरं वाटलं. कोपऱ्यात डीजे होता. चाळिशीचा, पोट सुटलेला, दाढीला मेंदी लावलेला माणूस. त्याला सगळे मुन्नाभाई म्हणत होते. त्याला सांगून ठेवलं होतं की आजीचं झालं की वाजव.

मी सुरू केलं. “उगवतीचं ऊन आलं पाटावरी…”

आणि थांबले.

मी ठरवून थांबले नाही हो. अर्धं आयुष्य त्या जागेवर थांबलेली बाई मी. गळ्याला काय ठाऊक मथुरा मेली ते? गळा आपला तिथं येऊन उभा राहिला, वाट बघत. दुसऱ्या कुठल्या गाणाऱ्याला हे असं होणार नाही. तो आपलं सलग गाईल. झेललं जाण्याची सवय लागलेल्यालाच हे होतं.

त्या थांबण्यात मुन्नाभाईला वाटलं, झालं. आणि त्यानं डीजे लावला.

काय तो आवाज! पायाखालची फरशी हलली. माझ्या छातीतली हाडं वाजली. पोरं, बाया, आत्या, मावश्या, मघाचे ते खुर्ची नेणारे पाहुणेसुद्धा, सगळे मध्ये घुसून नाचायला लागले. कुणाचं वाईट मनात नव्हतं. उलट दोन पोरी माझे हात धरून मला नाचवायला आल्या, “आजी, या ना!” मी हात सोडवून घेतले. मुन्नाभाईकडं बघून हातानं खूण केली, नाही संपलं. त्याला वाटलं, आजी शाबासकी देतात. त्यानं अंगठा दाखवला आणि अजून वाढवला.

मी उठून निघाले असते. खरं सांगते, पायात चपला घातल्या होत्या. मनात म्हटलं, बेबे, संपलं तुझं. आता व्हिडिओपुरती एक ओळ, आणि ती गायलीस. आता घरी जा, वाल सोल. जाताना नवरीच्या डोक्यावर हात ठेवावा म्हणून वळले.

ती पाटावर बसलेलीच होती. भोवती सगळे नाचत होते, तिच्या मैत्रिणी तिला दंडाला धरून ओढत होत्या, आणि ती मान हलवून नाही म्हणत होती. अंगावरची हळद वाळून भेगाळायला लागलेली. ती माझ्याकडंच बघत होती. मी जवळ गेले तशी तिनं तोंड वर केलं. काहीतरी बोलली, मला ऐकू आलं नाही. मी कान तिच्या तोंडाशी नेला.

“आत्या, अर्धा राहिला ना? माझी आजी सांगायची, धवला पुरा झाल्याबगर उठायचं न्हाय. मग मी उठू कशी?”

त्या एवढ्या गर्दीत, एवढ्या धडाक्यात, एका माणसाच्या लक्षात होतं.

मी खाली फरशीवर बसले. गुडघे बोलले, पण बसले. तिच्या कानाशी तोंड नेलं आणि उरलेला धवला तिच्या कानात गायला लागले. डीजे चालूच होता. मला माझा आवाज ऐकू येत नव्हता. तो फक्त घशाला कळत होता. “उगवतीचं ऊन आलं पाटावरी,” मी म्हटलं, आणि पुन्हा थांबले. थांबायचं नाही म्हणता म्हणता थांबले. आणि त्या पोरीनं माझं मनगट दाबलं.

तिला झेलायचं ठाऊक नव्हतं. शब्द ठाऊक नव्हते. तिला बहुतेक वाटलं असेल, म्हातारी विसरली, धीर द्यावा. पण दाबलं ते बरोबर त्या जागी. मी पुढची ओळ टाकली, थांबले, तिनं दाबलं. पुढची, पुन्हा दाबलं. असा अख्खा धवला आम्ही दोघींनी काढला. देव बोलावले, सूर्याला सांगितलं, खाडीला सांगितलं, गावदेवीची ओटी भरली, नवरीला आईच्या अंगणातून उठवलं. सगळं तिच्या डाव्या कानात. कुणाला पत्ता नाही. व्हिडिओत म्हणे आम्ही दोघी गळ्यात गळा घालून रडतोय असं दिसतं, आणि खाली त्या डीजेचं गाणं वाजतंय.

शेवटची ओळ झाली तेव्हा मी तिच्या पाठीवर थाप मारली. “ऊठ आता.” ती उठली आणि नाचायला गेली. अशी नाचली म्हणता, की मुन्नाभाईसुद्धा आपला स्पीकरचा डबा सोडून बघत राहिला.

जेवायला पान एकटीचं. आमचं ठरलेलं असायचं, मला भात कमी लागतो, तो मथुराच्या पानात जायचा, आणि तिच्या पानातलं सुकं माझ्या पानात यायचं. वाढणाऱ्या पोरांना त्याचं हसू यायचं. त्या दिवशी ताटात भात तसाच राहिला. टाकवेना, खाववेना. लग्नाच्या घरासारखी भरलेली जागा नाही आणि तिथल्यासारखं एकटेपण नाही. प्रत्येकाला काहीतरी काम असतं, प्रत्येक जण कुणाचा तरी कुणी असतो. धवलारीण त्या घराची कुणी नसते. गाणं असेपर्यंत ती देवाची बाई, गाणं झालं की कोपऱ्यातली म्हातारी, आणि मग तिला रिक्षा कुठं मिळेल ह्याची सगळ्यांना काळजी. दोघी असलो की हे कळत नाही. दोघी असलो की आपलंच एक गाव असतं.

घरी आले तेव्हा मनगटावर पिवळी बोटं उठलेली होती. हळद लवकर जात नाही. मी ती घासली नाही.

तो मोसम तसाच पार पडला. पिंपळाच्या पारावर बस बघत बसायचं, बस आली की खिडकीची जागा घ्यायची आणि शेजारी पिशवी ठेवायची. कुणी अनोळखी येऊन बसलं की पिशवी मांडीवर. खारबावच्या स्टेशनात एकदा गाडी हुकली. दुपारचं रिकामं स्टेशन, बाकावर मी आणि एक कुत्रा. मी हळू आवाजात गाऊन बघितलं, सलग. थांबायचंच नाही, म्हटलं, दोन्ही ओळी आपणच म्हणायच्या. दोनच ओळींत दम लागला. शिवाय मथुराचं ते खालचं, जाड, तिथं माझा आवाज उतरतच नाही. पत्र्यानं ठिगळ व्हायचं म्हणजे कसं होणार? कुत्रा उठून दुसऱ्या बाकाखाली गेला.

एका घरी तर त्यांनी मला आश्चर्याचा धक्का द्यायचा म्हणून जुन्या लग्नाच्या व्हिडिओतून मथुराचा आवाज काढून आणला होता. प्रेमानं हो, फार प्रेमानं. मी ओळ टाकायची आणि डबा झेलायचा. “पाटावरी गो बाय, पाटावरी.” मी शेजारी वळून बघितलं. पण दोन-तीन ओळींत कळलं, ही मथुरा थांबत नाही. माझी ओळ यायला वेळ लागला तर खरी मथुरा ‘बाय’ लांबवायची. डब्यातली आपलं ठरल्या वेळेला म्हणून गप्प. मी अडखळले की ती पुढं निघून जायची, मला मागं टाकून. मी हात जोडून म्हटलं, “बंद करा बाबांनो.” त्यांना वाटलं, आठवण येऊन जीव भरून आला. तेही खरंच होतं.

प्रणालीसारखं मनगट पुन्हा कुणी दाबलं नाही. मीच डाव्या हातानं उजवं दाबायला लागले. बायांना वाटायचं, आत्याला संधिवात झालाय. तेल सांगायच्या, लेप सांगायच्या.

तर आता दामोदरची गोष्ट. त्याला ‘उद्या’ सांगून मी वाल सोलत राहिले. सोलून झाले, तरी रिकामी टरफलं उलटीपालटी करत बसले. मग जुबेदाखाला आली. ही माझी शेजारीण, कोकणी मुसलमान, माहेरापासून भिवंडीची. मी गावोगाव जाते तेव्हा खोलीची चावी तिच्याकडं असते. माझ्याच वयाची, पण मला ‘बेबी’ म्हणताना असं म्हणते की मी खरंच पाळण्यात आहे.

“बेबी, कोनाचा फोन आलेला?”

“खारबावचा. हळदीला बोलावलंय.”

“मग? तोंड असं का?”

“जावं का नको, बघतेय.”

ती ओट्यावर टेकली. एक वाल उचलून तोंडात टाकला, कच्चाच. तिची ती जुनी खोड. म्हणाली, “एक विचारू? वरीस झालं, मी भिंतीपलीकडना ऐकतेय. तू गाताना मधीमधी गप का व्हतंस? आधी मना वाटला, तुला उचकी लागली. मग वाटला, पानी पीत असशील.”

मी म्हटलं, “तिथं मथुरा म्हणते.”

बोलून गेले आणि माझं मलाच ऐकू आलं. म्हणायची नाही, ‘म्हणते’.

जुबेदानं अजून एक वाल उचलला. मग म्हणाली, “हां, तरी म्हटला. मी पन तिथं हातातला काम थांबवते. तू पुन्ना सुरू झालीस की लाटनं फिरवते. माझ्या चपात्या जाड होतात तुझ्या पायी.” आणि हसत हसत उठून गेली, गॅसवर तिचं दूध होतं.

मी बसून राहिले. भिंतीपलीकडं लूम चालू होता. वर्षभर मी त्या थांबण्याला घाबरत होते. कुणी चुकीचं समजेल, कुणी डीजे लावेल, म्हणतील म्हातारी विसरली. वर्षभर ती जागा भरायला बघत होते, स्वतःच्या दमानं, डब्यानं, डाव्या हातानं. आणि दुसऱ्या भिंतीपलीकडं एक बाई त्या जागेसाठी लाटणं थांबवून उभी राहत होती, काय आहे ते ठाऊक नसताना. ती जागा भरायची नसेलच कदाचित. ती आपली तशीच न्यायची असेल, गावोगाव, पिशवीतल्या खडीसाखरेसारखी.

आता मी काही फार शहाणी झाले असं नाही. अंजूरफाट्यावर आजही कुणाच्या तरी मागं मागंच सरकते. जेवताना भात अजून जास्तच वाढला जातो. काल नवीन ब्लाउज शिवायला टाकला तर शिंपी विचारतो, “दूसरा किसका?” नेहमी दोन टाकायचो ना एका कापडातले. मी म्हटलं, “एक ही.” त्यानं मान खाली घालून मापं घेतली.

पण दामोदरला मी दुपारीच फोन केला. उद्यापर्यंत थांबले नाही.

“येतंय,” म्हटलं.

“आता कसं! दोगी ना?”

“मथुरा गेली रे बाबा. गेल्या साली, भादव्यात.”

त्यानं नाक ओढल्याचं ऐकू आलं. पाटावर रडलेलाच तो, बदलला नव्हता.

“मना कोनी सांगला न्हाय,” तो म्हणाला. “मंग… दुसरी कोन बगू का मी तुमचेसाटी? आमचे आळीत एक हाय, भजनात गाते.”

“नको. आयक. तुझे डीजेवाल्याला आधी सांगून ठेव, मी मधीमधी गप व्हईन. ते संपला न्हाय. मी हात वर केला की संपला. तवर त्यानं डब्याला हात लावायचा न्हाय.”

“सांगतंय. आन मंग रव्वारी सुपारी कशी करू? एक आनू का दोन?”

मी जरा वेळ घेतला. तो थांबला. चांगला झेलकरी झाला असता.

“सुपारी एक आन,” मी म्हटलं. “खुर्च्या दोन ठेव.”